इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवर

भामरागड येथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम होतो. पुराचे पाणी पुलावर चढले आणि तालुक्याचा संपर्क तुटला, ही वार्ता आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. अशा अरण्यप्रदेशातील सुखदुःख जगापुढे येते ते बहुधा एखाद्या स्थानिक वार्ताहरामुळेच. म्हणून इंद्रावतीपलीकडे, छत्तीसगढच्या बिजापूर जिल्ह्यात जे घडले ते आपल्या दारातच घडले, असे आम्ही मानतो.

तेथील पत्रकार साई रेड्डी यांना २००८ साली पोलिसांनी माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून अटक केली. पुढे ६ डिसेंबर २०१३ रोजी बासागुडा येथे माओवाद्यांनीच त्यांची हत्या केली. दोन्ही बाजूंना ते परके वाटले! त्याच जिल्ह्यातील तरुण पत्रकार मुकेश चंद्राकर यांनी रस्त्याच्या कामातील गैरव्यवहार उजेडात आणला होता. ३ जानेवारी २०२५ रोजी त्यांचा मृतदेह एका सेप्टिक टाकीत सापडला. पुढे ठेकेदारासह काही जणांना अटक झाली.

अशा वेळी न्यूयॉर्क किंवा पॅरिसमधील संस्थांनी पत्रक काढून काय साधते, असा प्रश्न वाचकांना पडेल. पत्रकार संरक्षण समिती (१९८१) व 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' (१९८५) या संस्था प्रत्येक हत्येची शहानिशा करून नोंद ठेवतात. युनेस्कोचे महासंचालक हत्येचा जाहीर निषेध करतात व तपास कोठवर आला, हे संबंधित सरकारला विचारतात. या नोंदींमुळे प्रकरण विस्मृतीत जात नाही. गुन्हेगाराचे खरे बळ लोकांच्या विस्मरणात असते. ३ मे हा जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन आणि २ नोव्हेंबर हा पत्रकारांवरील गुन्ह्यांना शासन व्हावे यासाठीचा दिन, हे दोन्ही याच हेतूने पाळले जातात.

आपल्या राज्यघटनेच्या कलम १९ ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आहे आणि त्यास वाजवी मर्यादाही घातल्या आहेत. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा संमत केला. तो २०१९ मध्ये अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. मात्र कायदा कागदावर असणे वेगळे आणि वार्ताहर रात्री निर्धास्त घरी परतणे वेगळे.

ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. कार्मेल संघाचे धर्मगुरू संत टायटस ब्रँड्स्मा यांनी १९४२ साली हॉलंडमधील कॅथलिक संपादकांना नाझी प्रचार न छापण्याविषयी बिशपांचा आदेश पोहोचवला. त्याची किंमत त्यांनी त्याच वर्षी डाखाऊच्या छळछावणीत प्राण देऊन मोजली. पोप लिओ चौदावे यांनीही १२ मे २०२५ रोजी पत्रकारांना उद्देशून बोलताना, सत्य सांगितल्याबद्दल तुरुंगात असलेल्यांच्या सुटकेची मागणी केली.

प्रिय भाविकहो, आपल्या हाती काय आहे? खातरजमा न केलेला मजकूर आपण पुढे पाठवू नये. गावच्या प्रामाणिक वार्ताहरावर दडपण आले तर त्याला एकटे पाडू नये. आणि ३ मे रोजी मिस्साबलिदानात साई रेड्डी व मुकेश यांचे नावानिशी स्मरण करावे.