‘थकीत बिल’ कशाला म्हणायचं, हे ॲपमध्ये एकदाच लिहा



समजा, सोलापुरात तुमचा टॉवेल-चादरींचा छोटा कारखाना आहे आणि बिलांसाठी तुम्ही वेब ॲप बनवून घेतलंय. पहिल्या पानावर थकीत रक्कम दिसते, व्यापाऱ्यांना व्हॉट्सॲपवर आठवण जाते, महिनाअखेरीला रिपोर्ट निघतो. तिन्ही ठिकाणी डेटाबेसला प्रश्न एकच: कोणती बिलं थकली?

ही क्वेरी डेव्हलपरने तीन ठिकाणी कॉपी-पेस्ट केली असेल, तर धोका आहे. नियम बदलला की दोन जागी दुरुस्ती होते, तिसरी राहते. मग पैसे चुकते केलेल्या व्यापाऱ्यालाच वसुलीचा मेसेज जातो आणि जुनं गिऱ्हाईक दुखावतं.

आणि नियम एका ओळीचा नाही. एमएसएमई कायदा २००६ नुसार सूक्ष्म-लघु उत्पादकाला, माल स्वीकारल्यापासून, लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. करार नसेल तर १५ दिवसांत. शिवाय रद्द बिलं वगळायची, पूर्ण भरलेली वगळायची.

उपाय काय?

मॉडेल म्हणजे ॲपमध्ये बिलाचे नियम ठेवायची जागा. तिथे ही क्वेरी एकदाच लिहा आणि तिला ‘थकीत’ असं नाव द्या. लाराव्हेल आणि रुबी ऑन रेल्समध्ये याला ‘स्कोप’ म्हणतात. जँगोमध्ये हेच काम कस्टम क्वेरीसेट करतो. बाकी सगळीकडे फक्त नावाने बोलवायचं.

खरी मजा जोडण्यात आहे. ‘थकीत’, ‘पुण्याचे व्यापारी’, ‘५०,०००च्या वर’ असे छोटे स्कोप एकापुढे एक लावले की नवी यादी तयार!

दोन गोष्टी सांभाळा

१. रद्द बिलं लपवणारा स्कोप आपोआप सगळीकडे लावू नका. जीएसटीआर-१ मध्ये रद्द झालेल्या बिलांची संख्याही द्यावी लागते. ती बिलं ॲपमध्ये दिसलीच नाहीत तर आकडा चुकेल.

२. ‘आजची तारीख’ प्रत्येक वेळी नव्याने मोजली जातेय ना, हे तपासा. नाहीतर ॲप सुरू केलं त्या दिवशीच अडकून राहील.

कोडिंग येत नसलं तरी चालेल. उद्या डेव्हलपरला एवढंच विचारा: “थकीतचा नियम किती ठिकाणी लिहिलाय?” उत्तर ‘एक’ असेल तर निश्चिंत राहा. जास्त असेल तर पुढचं फीचर थांबवा आणि आधी हे काम करून घ्या.