यादी केली, सामान कुठाय?

सेमिस्टर संपत आलं की नोटीस बोर्डापुढे सगळ्यात जास्त गर्दी होते ती डिफॉल्टर लिस्टसाठी. नाव दिसलं की आधी पोटात गोळा येतो, मग सरांच्या केबिनबाहेर रांग लागते. आता समजा, ही लिस्ट काढणारा छोटासा प्रोग्राम लिहायचं काम यंदा तुमच्याच गळ्यात पडलं. १२० मुलं, प्रत्येकाचं नाव, रोल नंबर, डिव्हिजन आणि हजेरीची टक्केवारी. ७५ टक्क्यांच्या खाली कोण आहे ते शोधायचं, डिव्हिजनप्रमाणे गट करायचे आणि सगळ्यात कमी हजेरीवाल्याला वर ठेवायचं.

फर्स्ट इयरला शिकलेली पद्धत आठवा. एक रिकामी लिस्ट, फॉर लूप, आत इफ, मग गट पाडायला आणखी एक लूप, वर सॉर्टिंग. पंचवीस-तीस ओळी सहज होतात. आठ दिवसांनी तोच कोड उघडला की हे आपणच लिहिलंय का, असा प्रश्न पडतो.

तुम्ही सी शार्प शिकत असाल, तर हेच काम चार-पाच ओळींत होतं. त्या सोयीचं नाव ‘लिंक’. वेबसाइटची लिंक नव्हे बरं का! लँग्वेज इंटिग्रेटेड क्वेरी, म्हणजे भाषेतच मुरवलेली प्रश्न विचारायची सोय. ‘व्हेअर’ लिहून अट सांगायची, ‘ऑर्डरबाय’नं क्रम लावायचा, ‘ग्रुपबाय’नं गट पाडायचे आणि ‘सिलेक्ट’नं हवं तेवढंच उचलायचं. काय हवंय ते तुम्ही सांगायचं, कसं शोधायचं ते लिंक बघतं.

ही सोय आली २००७ मध्ये, सी शार्पच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर. सी शार्पच्या रचनेचं नेतृत्व करणारे अँडर्स हेल्सबर्ग मूळचे डेन्मार्कचे. टर्बो पास्कल त्यांचंच, डेल्फीमागेही तेच आणि पुढे टाइपस्क्रिप्टमागेही. लिंकच्या आधी डेटाबेसमधून काही काढायचं, तर एसक्यूएलची क्वेरी अवतरणचिन्हांत कोंबावी लागायची. कंपायलरच्या दृष्टीनं तो नुसता मजकूर. त्यात कॉलमचं नाव चुकलं, तरी कंपाइल करताना कुणी हटकायचं नाही. चूक कळायची प्रोग्राम चालू झाल्यावर, बऱ्याचदा परीक्षकांसमोरच! लिंकमध्ये क्वेरी हा भाषेचाच भाग असल्यानं नाव चुकलं की एडिटर तिथंच लाल रेघ मारतो.

एसक्यूएल येणाऱ्यांना इथं एक गोष्ट उलटी वाटेल. तिथं ‘सिलेक्ट’ आधी येतं, इथं सुरुवात ‘फ्रॉम’नं होते. कारण साधं आहे. डेटा कुठून घ्यायचा हे आधी कळलं, तरच एडिटर पुढचे पर्याय सुचवू शकतो.

इथपर्यंत सगळं छान. आता खरी गोम.

तुम्ही मर्यादा ७५ ठेवून डिफॉल्टरची क्वेरी लिहिली. ती छापायच्या आधीच सर म्हणाले, ‘६०च्या खालच्यांची वेगळी यादी पण काढ रे.’ तुम्ही तेच व्हेरिएबल ६० केलं, दुसरी क्वेरी लिहिली आणि दोन्ही याद्या एकदम छापल्या. दोन्ही अगदी सारख्या! ६० ते ७५च्या मधली सगळी मुलं गायब. ना एरर, ना लाल रेघ. ६८ टक्केवाला यादीत नाव नाही म्हणून निवांत बसतो. अर्ज करायची तारीख निघून जाते आणि हॉल तिकीट अडल्यावरच त्याला कळतं.

झालं काय? लिंकची क्वेरी लिहिली म्हणजे ती चालली, असं नसतं. वाण्याकडे न्यायची यादी आईनं कागदावर लिहिली, म्हणून साखर घरी येत नाही. कुणीतरी दुकानात जावं लागतं. क्वेरी म्हणजे तो कागद. तुम्ही ‘फॉरइच’ फिरवता किंवा ‘टूलिस्ट’, ‘काउंट’ असं काही मागता, तेव्हा कुठं ती दुकानात जाते आणि त्या क्षणी मर्यादा जी असेल तीच वापरते. याला ‘डिफर्ड एक्झिक्युशन’ म्हणतात. म्हणून उत्तर आत्ताच हवं असेल, तर तिथंच ‘टूलिस्ट’ लावायचं. आणखी एक, तीच क्वेरी आधी मोजली आणि मग फिरवली, तर दुकानात दोन फेऱ्या होतात.

‘मग काय, सगळीकडे टूलिस्ट लावून टाकू!’ थांबा. मुलांची माहिती डेटाबेसमध्ये असेल आणि तुम्ही एंटिटी फ्रेमवर्क वापरत असाल, तर ‘व्हेअर’मधली अट एसक्यूएलमध्ये बदलून डेटाबेसकडे जाते आणि गाळलेलीच माहिती परत येते. पण ‘टूलिस्ट’ आधी आणि ‘व्हेअर’ नंतर लिहिलं, तर अख्खं टेबल आधी तुमच्या मेमरीत येतं. पाव किलो साखरेसाठी आख्खं दुकान घरी! ही चूक मुद्दाम कुणी करत नाही. अटीत आपलं स्वतःचं फंक्शन वापरलं की त्याचं एसक्यूएल करता येत नाही आणि एरर येते. कुणीतरी सांगतं, ‘मध्ये टूलिस्ट टाक, चालेल.’ आणि चालतंही. १२० नोंदींवर कळतही नाही. लाखभर नोंदींवर स्क्रीन गोठते आणि तेव्हा डेमो चालू असतो.

एवढं पाठ ठेवा :

- नुसतं ‘फर्स्ट’ वापरलं आणि काही सापडलं नाही, तर प्रोग्राम कोसळतो. काहीच न सापडण्याची शक्यता असेल, तर ‘फर्स्टऑरडिफॉल्ट’ वापरा आणि हाती ‘नल’ आलंय का ते तपासा.
- रिकाम्या यादीतल्या आकड्यांची सरासरी मागितली, तरी एरर येते. आधी ‘एनी’नं यादीत कुणी आहे का ते बघा.
- एसक्यूएल सोडू नका. लिंकनं पाठवलेली क्वेरी लॉगमध्ये छापून वाचायची सवय लावा.

डॉट नेट आता लिनक्स आणि मॅकवरही फुकटात चालतं, त्यामुळे करून बघायला अडचण नाही. आज रात्री दहा मित्रांची खोटी हजेरी टाकून वरचा घोळ मुद्दाम घाला. दोन याद्या सारख्या आलेल्या डोळ्यांनी पाहा, मग पहिल्या क्वेरीला ‘टूलिस्ट’ लावून फरक बघा. पुढे इंटरव्ह्यूत कुणी डिफर्ड एक्झिक्युशन विचारलं, तर व्याख्या आठवत बसावं लागणार नाही. ६८ टक्केवाल्याची गोष्ट सांगा, पुरे!