चित्रफितीची साक्ष

कापड्याच्या बाजूची माणसे पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत गेली. आज महाडच्या कारखान्यांतही जातात. यंत्रात बोटे गेली की पहिला प्रश्न येतो : चूक कोणाची? उत्तर पुष्कळदा कॅमेऱ्याच्या चित्रफितीत असते. पण सेकंदाला २५ चित्रे धरली, तर तासाची ९०,००० होतात. ती निवडणार कोण?

हे काम ‘एफएफएमपेग’ करते. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेले हे साधन फुकट मिळते. त्याला लेखी हुकूम द्यावा लागतो : फीत कोणती, कोठपासून, सेकंदाला किती चित्रे, ठेवायची कोठे. हा हुकूम आपल्या प्रोग्रॅमकडून देववावा, म्हणजे शंभर फितींना एकच नियम लागतो. प्रथम सेकंदाला एक, अशी तासाची ३,६०० चित्रे काढावीत. अपघाताचा क्षण सापडला की भोवतालच्या दहा सेकंदांची सर्व २५० काढावीत.

साधन शेवटी एक आकडा परत देते. शून्य आला तर काम पार पडले, दुसरा आला तर बिघाड. तो न पाहणारा प्रोग्रॅम अर्धवट चित्रांनाच पूर्ण पुरावा समजतो. मूळ फीत जशीच्या तशी राखून प्रतीवरच काम करावे, असे आम्ही कामगारांना सांगतो.

यंत्रावरची जाळी उघडी होती की बंद, हे मग आवाज चढवून ठरवावे लागत नाही.