बिलावरचे अठरा टक्के

घरी बसून भाषांतर, संकलन, चित्रं, व्हिडिओ एडिटिंग किंवा कोडिंग करणाऱ्या कुणाशीही जीएसटीचा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘माझं उत्पन्न कुठे एवढं आहे?’ गफलत इथूनच सुरू होते. उत्पन्न हा आयकराचा विषय. जीएसटीची नोंदणी ठरते ती उलाढालीवर.

मी स्वतः भाषांतराची बिलं करतो. ओळखीतली एक तरुण चित्रकार मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. तिची वर्षाची बेरीज करायला आम्ही एका कर सल्लागारांच्या टेबलाशी बसलो होतो. तिने बँकेचं स्टेटमेंट पुढे केलं. सल्लागारांनी ते बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “खात्यात किती आले ते नंतर बघू. आधी बिलं किती रुपयांची केलीस ते सांग.” बरोबरच होतं. एक लाखाच्या बिलातून दहा टक्के टीडीएस कापून पार्टी नव्वद हजार पाठवते, पण उलाढालीत लाखच धरायचे.

भारतातल्या ग्राहकांची बिलं झाली १२,४०,००० रुपयांची. बर्लिनच्या एका प्रकाशकाकडून आलेले ६,५०,०००. ती म्हणाली, “बाहेरच्या कामावर कर नसतो ना? मग ते सोडून द्या.” सल्लागारांनी मान हलवली. निर्यातीवर कराचा दर शून्य असला तरी ती उलाढालीत मोजली जाते. मग त्यांनी विचारलं, “तुझ्या नावावर आणखी काही?” नाशिकचा फ्लॅट एका कुटुंबाला राहायला दिलेला, महिना १५,००० भाड्याने. राहत्या घराच्या भाड्यावर कर माफ आहे, पण माफ असलेली सेवासुद्धा याच बेरजेत येते. भाड्याचे वर्षाचे १,८०,००० मिळवले आणि आकडा २०,७०,००० वर गेला. स्टुडिओचं भाडं, रंग, सॉफ्टवेअर यांतला एक रुपयाही त्यातून वजा होत नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा आर्थिक वर्षाला २० लाखांची आहे. मणिपूर, मिझोराम, नागालँड आणि त्रिपुरात १० लाखांची. लोक ज्या ४० लाखांचा हवाला देतात ती सवलत मालाच्या विक्रीपुरती आहे, सेवेला तिचा उपयोग नाही. परराज्यातला ग्राहक घेतला की लगेच नोंदणी करावी लागते, असंही अजून ऐकू येतं. सेवांच्या बाबतीत ती सक्ती ऑक्टोबर २०१७ मध्येच निघाली. पुण्यात बसून बंगळुरूच्या कंपनीचं काम करणाऱ्यालाही वीस लाखांपर्यंत मोकळीक आहे.

मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत अर्ज करायचा. अर्जाला सरकारी शुल्क नाही. पॅन, आधार, फोटो, बँकेचा कॅन्सल चेक आणि व्यवसायाच्या जागेचा पुरावा एवढं लागतं. घर हीच व्यवसायाची जागा दाखवता येते. चित्रकाराचं घर वडिलांच्या नावावर, त्यामुळे त्यांच्या नावचं ताजं लाइट बिल आणि त्यांचं संमतीपत्र जोडलं. अर्ज अडतो तो बहुधा याच ठिकाणी. बिलावरचा पत्ता एका तऱ्हेने लिहिलेला असतो, अर्जात दुसऱ्या, आणि अधिकारी शंका काढतात. त्या नोटिशीला सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ती ईमेलवर येते, म्हणून अर्ज टाकल्यावर रोज मेल बघावा. नंबर येतो तो पंधरा अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे आपलाच पॅन. नंबर आला की महाराष्ट्रात व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपयेही भरायचे असतात.

आता बिल. फ्रीलान्सरने जीएसटीतलं एकच काही नीट समजून घ्यायचं म्हटलं, तर ते हे बिल आहे. कामाचे ५०,००० ठरले. त्यावर १८ टक्क्यांनी ९,००० कर, एकूण ५९,०००. ग्राहक महाराष्ट्रातला असेल तर हे नऊ हजार केंद्राचे साडेचार आणि राज्याचे साडेचार असे दाखवायचे. परराज्यातला असेल तर एकाच ओळीत, आयजीएसटी म्हणून. टीडीएस कापायचा तो मूळ ५०,००० वर. कर वेगळा दाखवलेला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नाही, असं आयकर खात्याचं २०१७ चं परिपत्रकच आहे, तरी पूर्ण ५९,००० वर कापणारे अकाउंट्सवाले भेटतात. बरोबर कापला तर खात्यात येतात ५४,०००. त्यातले ९,००० सरकारचे, ४५,००० आपले, आणि ५,००० आपल्या नावावर आयकरात जमा. मी ते नऊ हजार त्याच दिवशी दुसऱ्या बचत खात्यात टाकतो. ही शिस्त प्रत्येक फ्रीलान्सरने लावून घ्यावी, कारण कर भरायची वेळ येते तेव्हा ते पैसे खात्यात उरलेले नसतात.

दर ठरवताना मेलमध्ये ‘जीएसटी वेगळा’ हे दोन शब्द हवेतच. ते नसले आणि ग्राहकाने ‘पन्नास म्हणजे सगळं धरून’ असं म्हटलं, तर कामाचे ४२,३७३ उरतात आणि ७,६२७ करात जातात. ग्राहक नोंदणीकृत कंपनी असेल तर हा कर तिला सहसा क्रेडिट म्हणून परत मिळतो, तेव्हा तो वेगळा मागायला संकोचण्याचं कारण नाही. अडचण होते ती छोट्या संस्था, शाळा किंवा नोंदणी नसलेल्या प्रकाशकांच्या बाबतीत. त्यांना हे अठरा टक्के खरोखर खिशातून जातात.

क्रेडिट आपल्यालाही मिळतं. ६०,००० च्या लॅपटॉपवर १०,८०० कर बसला असेल आणि दुकानदाराच्या बिलावर आपला नंबर असेल, तर तेवढी रक्कम आपण भरायच्या करातून वळती होते. त्यासाठी बिल फाडायच्या आधी नंबर सांगावा. परदेशी सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर मात्र आपणच १८ टक्के रोखीने भरायचे आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं, असा उलटा प्रवास आहे. सहा टक्क्यांची कंपोझिशन योजना ५० लाखांपर्यंतच्या सेवांना खुली आहे, पण त्यात परराज्यात आणि परदेशात काम देता येत नाही आणि ग्राहकाकडून कर घेता येत नाही. बहुतेक फ्रीलान्सरांच्या ती कामाची नाही.

बर्लिनच्या बिलावर कर लावायचा नसेल तर दर आर्थिक वर्षासाठी पोर्टलवर हमीपत्र भरावं लागतं. सगळे त्याला एलयूटी म्हणतात. गेल्या वर्षीचं या वर्षी चालत नाही. पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा दाखला प्रत्येक बिलाबरोबर ठेवावा, आणि ते पैसे बिलापासून वर्षभरात आले पाहिजेत.

रिटर्न भरणं एवढं अवघड नाही. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला तिमाही पर्याय आहे. बिलांची यादी तिमाहीनंतरच्या १३ तारखेपर्यंत, कराचं रिटर्न महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेला चलनाने भरायचा. एकही बिल झालं नसलं तरी शून्याचं रिटर्न भरावंच लागतं. ते चुकलं तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क, कर देय असेल तर ५०, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज.

इथवर सगळं मला पटतं. मोठा ठेकेदार कर भरतो तसा चित्रकारानेही भरावा. पण एक गोष्ट पटत नाही.

सेवेत कर देय होतो तो बिल केल्यावर किंवा पैसे आल्यावर, यांतलं जे आधी घडेल तेव्हा. मी एका कंपनीला मार्चमध्ये एक लाखाचं बिल दिलं. त्यावरचे १८,००० तिमाहीच्या रिटर्नबरोबर एप्रिलमध्ये भरले. कंपनीचे पैसे जूनमध्ये आले. मधले दोन महिने सरकारचा कर माझ्या बचतीतून गेला होता. ग्राहकाने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं क्रेडिट सरकार त्याच्याकडून व्याजासह परत घेतं. पण मी भरलेला कर मात्र मला परत मिळत नाही. पैसे बुडाले तरी नाही.

उद्यम नोंदणी केली तर थोडा आधार आहे. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. समाधान पोर्टलवर तक्रारही करता येते. पण ज्या कंपनीकडून पुढचं काम हवं आहे तिच्याविरुद्ध तक्रार किती जण करतील?

याचा उपाय नव्याने शोधायला नको. जीएसटीच्या आधी, सेवाकराच्या काळात, ५० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यक्तींना पैसे हातात आल्यावर कर भरायची मुभा २०१२ पासून होती. १ जुलै २०१७ ला ती गेली. जीएसटी परिषदेने ती सवलत, त्याच मर्यादेसह, एकट्याने काम करणाऱ्यांना पुन्हा द्यावी.