टाचदुखी : कारणे, व्यवस्थापन आणि प्रतिबंध
(खंडाळा तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि खंडाळा तालुक्यातील लोणंद येथे मुक्काम करते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर वारकरी पायी चालतात. लोणंदला पोहोचेपर्यंत दिवे घाटाची चढण आणि पुणे-सासवड हा दीर्घ टप्पा त्यांच्या पायांखालून गेलेला असतो. याच तालुक्यात शिरवळ परिसरातील कारखान्यांत कामगार सिमेंटच्या फरशीवर तासन्‌तास उभे असतात. शिक्षकांचे अध्यापनही बहुतांशी उभ्यानेच चालते. या सर्वांना जडू शकणारी समान व्याधी म्हणजे टाचदुखी होय. तिच्या प्रमुख कारणाचे, म्हणजे प्लांटर फॅसायटिसचे, विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रचना व कारणे :
टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा पसरलेला असतो. पाऊल उचलताना बोटे वर वळतात, हा पट्टा ताणला जातो आणि पायाची कमान उंचावून पाऊल ताठ होते. १९५४ मध्ये हिक्स यांनी या क्रियेची तुलना दोर गुंडाळणाऱ्या रहाटाशी केली. वारंवार ताण पडल्याने पट्ट्याच्या टाचेकडील टोकाशी सूक्ष्म इजा होतात. ताण चालूच राहिला तर त्या पूर्ण भरून येत नाहीत.

या व्याधीच्या नावातून दाहाचा बोध होतो. तथापि २००३ मध्ये लेमाँट व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेतील ५० नमुने तपासले असता दाहापेक्षा ऊतींची झीज प्रामुख्याने आढळली. म्हणूनच वेदनाशामक गोळ्यांनी तात्पुरता आराम पडतो, परंतु मूळ दोष कायम राहतो. पोटरीचे स्नायू आखडणे, वजन अधिक असणे, दीर्घकाळ उभे राहणे आणि चालण्यात एकाएकी वाढ होणे ही प्रमुख कारणे होत. चाळीस ते साठ या वयोगटात ही तक्रार अधिक आढळते.

लक्षणे व निदान :
सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल सर्वांत वेदनादायक असते. थोडे चालल्यावर दुखणे कमी होते व दिवसअखेर पुन्हा वाढते. टाचेच्या आतील बाजूस तळाशी दाबल्यास दुखते. एवढ्यावरून बहुधा निदान होते. क्ष-किरण चित्रात ‘हाड वाढलेले’ दिसले की रुग्ण घाबरतो. मात्र असे वाढलेले हाड टाच न दुखणाऱ्या अनेकांतही आढळते आणि ते काढणे सहसा आवश्यक नसते.

टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यास तीव्र वेदना होणे, बधिरपणा, ताप, सूज, विश्रांतीतही रात्री दुखणे, किंवा तरुण वयात टाचदुखीसोबत सकाळी कंबर आखडणे ही लक्षणे अन्य विकारांची असू शकतात. अशा वेळी व मधुमेह असल्यास वैद्यकीय तपासणी अटळ आहे.

व्यवस्थापन :
१. पट्ट्याचा ताण : उठण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बोटे हाताने नडगीकडे ओढावीत. दहा अंक मोजेपर्यंत धरावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. डिजिओव्हान्नी व सहकाऱ्यांच्या २००३ मधील अभ्यासात केवळ पोटरीच्या ताणापेक्षा हा व्यायाम अधिक गुणकारी ठरला.
२. बळकटी : पायरीच्या कडेवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच सावकाश उचलावी व खाली न्यावी. हा व्यायाम एक दिवसाआड करावा. डेन्मार्कमधील २०१५ च्या अभ्यासात या पद्धतीने तीन महिन्यांत अधिक सुधारणा दिसली, परंतु वर्षअखेरीस केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्या गटाशी असलेला फरक उरला नाही. म्हणजे सातत्य महत्त्वाचे.
३. पादत्राणे : टाचेला मऊ आधार देणारी पादत्राणे घरातही वापरावीत. कडप्पा वा शहाबादी फरशीवर अनवाणी वावर टाळावा.
४. इंजेक्शन : स्टेरॉइडने अल्पकाळ आराम पडतो, परंतु पट्टा तुटण्याचा व टाचेची चरबी झिजण्याचा धोका असतो. त्यामुळे हा पहिला उपाय नव्हे.

बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. मात्र त्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षही लागते.

प्रतिबंध :
‘विश्रांती घ्या’ हा सल्ला रोजंदारीवरील कामगाराला वा वारकऱ्याला पाळणे कठीण असते. म्हणून भार थांबविण्यापेक्षा त्याचे नियोजन करणे व्यवहार्य ठरते. वारीपूर्वी दीड-दोन महिने चालणे टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि चढाचा सराव करावा. नवे पादत्राण प्रस्थानाच्या दिवशी प्रथमच घालू नये. कारखान्यांत उभे राहण्याच्या जागी रबरी चटई व अधूनमधून बसण्याची सोय असावी. शिक्षकांनी सलग तासिकांच्या मधल्या वेळेत बसावे आणि पोटऱ्यांना ताण द्यावा.

निष्कर्ष :
टाचदुखी प्राणघातक नाही, परंतु ज्यांची उपजीविका व उपासना पायांवर अवलंबून आहे त्यांच्यासाठी ती क्षुल्लकही नाही. वेळीच ओळख, नियमित व्यायाम, योग्य पादत्राणे आणि संयम ही तिच्यावरील उपचाराची चतुःसूत्री होय. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांनी पालखीच्या प्रस्थानापूर्वी गावोगावी हे साधे व्यायाम शिकविल्यास ज्ञानाचा उपयोग योग्य जागी होईल.