विश्लेषण: डेट्रॉइटच्या मराठी खासदाराचे प्रत्येक मत नोंदलेले... मग आपल्या आमदार-खासदारांचे का दिसत नाही?

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार अमेरिकी काँग्रेसचे सदस्य आहेत. सभागृहात नोंदणीकृत मतदान झाले की त्यांनी 'हो' म्हटले, 'नाही' म्हटले की ते गैरहजर होते, हे डेट्रॉइटमधला कोणताही मतदार मोबाइलवर पाहू शकतो. आपल्याकडे विधानसभेत एखादे विधेयक मंजूर झाले, तर आपल्या आमदाराने त्यावर काय केले याची नोंद बहुतेकदा सापडत नाही. असे का, ते समजून घेऊ.

श्री ठाणेदार कोण आहेत?

जन्म १९५५ मध्ये चिकोडीचा, बालपण बेळगावात. रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९७९ मध्ये अमेरिकेला गेले. तिथे पीएच.डी. केली, रासायनिक चाचण्या करणाऱ्या कंपन्या उभ्या केल्या. २००८ नंतरच्या मंदीत एक मोठा उद्योग बुडाला, पुन्हा दुसरा उभारला. 'ही श्रीची इच्छा' या आत्मकथनामुळे मराठी वाचकांना ते राजकारणात येण्याआधीपासून माहीत होते.

निवडणुकीत ते कसे उतरले?

पहिला प्रयत्न २०१८ चा. मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. अमेरिकेत उमेदवार ठरवण्यासाठी पक्षांतर्गत निवडणूक होते, तिला 'प्रायमरी' म्हणतात. त्यात मत सामान्य मतदार देतात. म्हणजे तिकीट मुंबई-दिल्लीतून येत नाही, ते मतपेटीतून मिळवावे लागते. ठाणेदारांनी या प्रचारात स्वतःचे एक कोटी डॉलरहून अधिक ओतले. तरी सुमारे १८ टक्के मतांसह ते तिसरे आले. त्या वेळी जिंकलेल्या ग्रेचेन व्हिटमर पुढे गव्हर्नर झाल्या.

नंतर ते अॅन आर्बर सोडून डेट्रॉइटला राहायला गेले आणि २०२० मध्ये मिशिगनच्या राज्य विधिमंडळात निवडून आले. २०२२ मध्ये त्यांनी प्रतिनिधीगृहाच्या १३ व्या मतदारसंघातून उमेदवारी मागितली. प्रायमरीत नऊ उमेदवार होते. मते इतकी विभागली गेली की सुमारे २८ टक्के मतांवर ठाणेदार जिंकले. हा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्याने नोव्हेंबरची निवडणूक सोपी होती, ती त्यांनी सुमारे ७१ टक्के मतांनी जिंकली.

या विजयाची दुसरी बाजूही आहे. डेट्रॉइट हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचे शहर. १९५० च्या दशकापासून तिथून काँग्रेसमध्ये सतत कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. ती परंपरा या निवडणुकीनंतर खंडित झाली आणि ठाणेदारांना त्यावरून टीका सोसावी लागली. २०२४ मध्ये त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी अॅडम हॉलियर यांच्या अर्जावरील वैध सह्या कमी भरल्याने त्यांचे नाव मतपत्रिकेवर आलेच नाही. ठाणेदारांनी प्रायमरी जवळपास ५५ टक्के आणि मुख्य निवडणूक सुमारे ६९ टक्के मतांनी जिंकली.

सभागृहात त्यांनी मत कसे दिले?

त्यांची पहिली मते शपथ घेण्याआधीची आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सभापती निवडताना मतदानाच्या १५ फेऱ्या झाल्या. प्रत्येक सदस्याचे नाव पुकारले गेले. ठाणेदारांनी पंधराही वेळा आपल्या पक्षाच्या हकीम जेफ्रीज यांचे नाव घेतले. अखेर रिपब्लिकन केव्हिन मॅकार्थी सभापती झाले.

मे २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचे 'वन बिग ब्युटिफुल बिल' प्रतिनिधीगृहात २१५ विरुद्ध २१४ असे एका मताने मंजूर झाले. त्यात करकपात होती आणि गरिबांच्या 'मेडिकेड' आरोग्य योजनेला कात्री होती. ठाणेदार विरोधात होते. जुलैत अंतिम मतदान २१८ विरुद्ध २१४ झाले, तेव्हाही त्यांचे मत 'नाही'च.

एका प्रकरणात मात्र मताची नोंद नाही. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमे मांडली. मे महिन्यात त्यावर मतदान घ्यायला भाग पाडू, असे जाहीर केले आणि ऐनवेळी माघार घेतली. मतदानच झाले नाही, त्यामुळे कोण कुठे उभे होते हेही कागदावर आले नाही. प्रस्ताव मांडणे वेगळे आणि त्यावर मतदान होणे वेगळे, हे नोंदी वाचताना लक्षात ठेवायला हवे.

ही नोंद राहते कशी?

प्रतिनिधीगृहात ४३५ सदस्य. १९७३ पासून तिथे इलेक्ट्रॉनिक मतदान आहे. सदस्य आपले कार्ड यंत्रात घालून मत देतो आणि यादी नावानिशी जाहीर होते. तिथेही बरीच विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. पण उपस्थितांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केली, तर नावांसह नोंद करावीच लागते. ही तरतूद थेट राज्यघटनेत आहे.

भारतात काय होते?

लोकसभेत आधी आवाजी मतदान होते. निकालाला कोणी आव्हान दिले तर मतविभाजन, म्हणजे बटण दाबून मोजणी. पण मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून फक्त डोकी मोजू शकतात. तेव्हा नावे नोंदली जात नाहीत.

घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, म्हणून तिथे मोजणी अटळ असते. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षण विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असे मंजूर झाले. ती दोन मते असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे छत्रपती संभाजीनगरचे खासदार इम्तियाज जलील यांची होती. त्यामुळे संभाजीनगरच्या मतदाराला आपल्या खासदाराची भूमिका नेमकी कळली.

याच्या उलट उदाहरण सप्टेंबर २०२० चे. राज्यसभेत दोन कृषी विधेयके गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधकांची मतविभाजनाची मागणी मान्य झाली नाही. वर्षभर रस्त्यावर आंदोलन झालेल्या कायद्यांवर कोणत्या सदस्याने काय मत दिले, याची यादीच नाही.

नोंद असली तरी ते मत आमदाराचेच असते का?

हा खरा प्रश्न. १९८५ मध्ये राज्यघटनेत दहावी अनुसूची आली. पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडून मत दिले किंवा परवानगीशिवाय गैरहजर राहिले आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. घोडेबाजार रोखणे हा हेतू होता. पण साध्या विधेयकावरही आमदाराचे मत पक्षाच्या हाती गेले.

अमेरिकेतही पक्षाचा व्हिप असतो, पण तो मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. मे २०२५ मध्ये ट्रम्प यांच्याच पक्षाच्या दोघांनी त्यांच्या विधेयकाविरुद्ध मत दिले. तिथे हिशेब मतदार मागतात, तोही पुढच्या प्रायमरीत.

महाराष्ट्राने व्हिपचा पेच जवळून पाहिला. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारने विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ मतांनी जिंकला. आमदारांची शिरगणती झाली, कोण कोणत्या बाजूला हे राज्याने टीव्हीवर पाहिले. पण शिवसेनेत पक्षादेश नेमका कोणाचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही, असे न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केले.

मतदार काय पाहू शकतो?

लोकसभेच्या कामकाजाच्या अधिकृत वृत्तांतात मतविभाजनाचा निकाल नावांसह छापलेला असतो. खासदारांची हजेरी, प्रश्न आणि चर्चेतील सहभाग 'पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च'च्या संकेतस्थळावर मिळतो. हजेरी आणि प्रश्नांची संख्या उपयोगी आहे, पण त्यातून मत कळत नाही. शंभर प्रश्न विचारणारा सदस्यही वादग्रस्त विधेयकावर आवाजी मतदानात गर्दीत मिसळून जाऊ शकतो.

डेट्रॉइटच्या मतदाराला ठाणेदार पटोत न पटोत, त्यांना जाब विचारायला त्याच्या हातात यादी आहे. आपल्याकडे प्रचारसभेत उमेदवार रस्ते, पाणी आणि निधीचे आकडे सांगतो. पुढच्या वेळी तो दारात आला, तर आणखी एक प्रश्न विचारता येईल: गेल्या पाच वर्षांत तुम्ही कोणत्या विधेयकावर मतविभाजन मागितले?