दिवेलागणीची शाळा

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास परळ-लालबागकडच्या एखाद्या रात्रशाळेच्या फाटकाशी उभे राहावे. इमारत पालिकेच्या शाळेची असते. दिवसाची मुले केव्हाच घरी गेलेली असतात. शिपाई एकेका वर्गातले दिवे लावत जातो आणि दुसरी मुले येऊ लागतात. सवयीने मुले म्हणायचे, पण त्यांतल्या कित्येकांना मिसरूड फुटलेले असते आणि एखाद्याच्या घरी लेकरूही असते. कोणाच्या खांद्यावर कुरिअरची पिशवी असते, कोणाच्या कपड्यांना हॉटेलच्या भटारखान्याचा वास असतो.

अशाच एका वर्गात मी मागच्या बाकावर बसलो होतो. शेजारचा मुलगा लालबागच्या मसाल्याच्या दुकानात कामाला होता. त्याने वही उघडली तेव्हा पानांच्या कडा तांबूस दिसल्या. मिरचीचा हात कितीही धुतला तरी बोटांतून जात नाही, असे तो म्हणाला. फळ्यावर दोन चलांतली समीकरणे होती. बाक प्राथमिकच्या मुलांच्या मापाचा असल्याने त्याचे गुडघे आत जात नव्हते. पाय बाहेर काढून, अंग तिरके करून तो तीन तास लिहीत राहिला.

‘पर्यायी शिक्षण’ म्हटले की हल्ली डोळ्यांपुढे येते ते वेगळे चित्र. झाडांमधली शाळा, परीक्षेचा ताण नाही, वर्गात मोजकी मुले आणि फी मात्र भरपूर. काही पालक मुलांना घरीच शिकवतात. यातले प्रयोग मोलाचे आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण गिरगाव ते दादर या पट्ट्यात पर्यायी शाळेला जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मुख्यतः घड्याळाशी झगडलेल्या माणसांचा आहे. काय शिकवावे याइतकाच कळीचा प्रश्न इथे होता: शिकणाऱ्याला सवड कधी आहे?

गिरगावातली सुरुवात

१८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या अध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या. सरकारी व्यवस्थेत मुलींना जागाच नव्हती. नाना शंकरशेट यांनी मुलींच्या शाळेसाठी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली आणि लोकनिंदेची पर्वा केली नाही. शिकवणारे तरुण स्वतः शिकत होते आणि मोकळ्या वेळात विनावेतन शिकवत होते. वाड्यातली जागा आणि तरुणांचा उरलेला वेळ, एवढ्याच भांडवलावर हा पर्याय उभा राहिला.

१८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला ‘तू दिवसा का येत नाहीस?’ असे विचारण्यात अर्थ नाही, हे जोतीरावांनी ओळखले होते. तोच विचार त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरण्यांत नेला. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्याची रविवारची सुट्टी त्यांच्या लढ्यातून १८९० साली मिळाली. सुट्टीच्या लढ्याकडे आपण कामगार चळवळीचे यश म्हणून पाहतो. मला तो शिक्षणाच्या इतिहासातलाही मोठा टप्पा वाटतो, कारण ज्याच्या आठवड्यात एकही मोकळा दिवस नाही त्याच्या हाती पुस्तक ठेवून काय उपयोग?

परळची रात्र

१९११ हे साल या कहाणीत फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. त्याच १९११ साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. दिल्ली-कलकत्त्यात कायदा होईल तेव्हा होवो, परळच्या चाळीतला माणूस आज रात्री शिकू शकतो का, हा जोश्यांचा प्रश्न होता. लीगने रात्रशाळा काढल्या, वाचनालये उघडली, आणि पुस्तकांच्या पेट्या कामगार वस्त्यांतून फिरवल्या. ज्याला वाचनालयापर्यंत यायला वेळ नाही त्याच्या दाराशी पुस्तक पोचवायचे, अशी ती दृष्टी होती. डिलाइल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

१९११च्याच कारखाना कायद्याने कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरवला. म्हणजे मर्यादा घातल्यानंतरचे बारा तास! १९२२ मध्ये ते अकरा झाले, १९३४ मध्ये दहा आणि १९४८च्या कायद्याने नऊ. कामाचा प्रत्येक तास कमी झाला तसा रात्रशाळेच्या वर्गात बसू शकणाऱ्यांचा उंबरठा एकेका पायरीने खाली आला. साच्यावर बारा तास उभे राहिलेला माणूस अक्षरे गिरवायला बसत असेल तेव्हा त्याच्या पायांत काय होत असेल, याचा विचार केला की त्या काळच्या हजेरीपटावरचे प्रत्येक नाव मला मोठे वाटते.

लीगच्या परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेली सभा झाली आणि तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. वसतिगृहे आणि वाचनालये काढून शिक्षणाचा प्रसार करणे हे तिच्या उद्दिष्टांत होते. चाळीत अभ्यास कसा होतो हे बाबासाहेबांनी लहानपणी भोगले होते. परळच्या एका खोलीत सगळे कुटुंब. वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोनला, खोली शांत असताना, अभ्यासाला उठवत. १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथले वर्ग सकाळी भरू लागले. कचेरीच्या वेळेआधी कॉलेज! रात्री दोनला उठणारा मुलगा संस्थापक झाला तेव्हा त्याने विद्यार्थ्याच्या दिवसातली मोकळी फट शोधून तिथे कॉलेज बसवले.

पालिकेनेही या भागाकडे पाठ फिरवली नव्हती. १९२५ साली मुंबईत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आरंभ झाला तो एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे परळ, लालबाग, दादर, वरळीच्या कामगार वस्तीत. तरीही शाळेबाहेर शिकलेल्यांची रांग इथे मोठी होती. अण्णाभाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले आणि मुंबईतल्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत साक्षर झाले. गिरणगावात वाढलेले नारायण सुर्वे पालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले. घंटा वाजवण्यापासून फळ्यापर्यंतचे ते अंतर त्यांनी नोकरी करता करता कापले.

दादरचे बालमंदिर

परळहून दादरला चालत जायला अर्धा-पाऊण तास लागतो. तिथे हिंदू कॉलनीत १९३६ साली ताराबाई मोडकांनी शिशुविहार सुरू केले. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या मुंबईला आल्या होत्या. माँटेसरींच्या विचारातले त्यांनी जे घेतले त्याचा गाभा साधा होता: शाळा मुलाच्या मापाची हवी. टेबल-खुर्ची बुटकी, कपाट हात पुरेल असे, आणि मुलाने हाताने करायच्या वस्तू. मारणे नाही, दटावणे नाही. छडीच्या त्या काळात हा मोठाच बदल होता.

ताराबाई दादरला थांबल्या असत्या तर शिशुविहार सुखवस्तू घरांतल्या मुलांसाठी नावाजलेली शाळा म्हणून राहिले असते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. महागडी साधने तिथे परवडणार नव्हती, म्हणून बिया, शंख, गारगोट्या आणि पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात तेव्हा पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द इथून पुढे देशभर गेला. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. तिचे नाव कुरणशाळा.

परळची रात्रशाळा आणि कोसबाडची कुरणशाळा मला सख्ख्या बहिणी वाटतात. एकीने वेळ बदलली, दुसरीने जागा बदलली. मुलगा गुरांमागे असेल तर फळा गुरांमागे जाईल, कामगार रात्री मोकळा असेल तर दिवे रात्री लागतील. पर्याय या शब्दाचा मला पटलेला अर्थ हाच आहे.

ज्यांची रात्रही मोकळी नसते

या इतिहासात एक मोठी उणीव आहे. रात्रशाळा पुरुषाच्या दिवसावर बेतलेली होती. गिरणीतून सुटलेला कोकणातला किंवा घाटावरचा पुरुष गावमंडळाच्या गाळ्यात राहायचा आणि खाणावळीत जेवायचा. त्याला वाढणाऱ्या बाईची संध्याकाळ चुलीपाशी जायची. ज्या वेळी वर्गात हजेरी होई, त्याच वेळी तिच्याकडे पहिली पंगत बसे. पाळ्या बदलल्या की डबे बदलत आणि तिला सवडीचा असा तास उरतच नसे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच खाणावळवाल्या बायकांचे. कर्जापासून सुरुवात झाली कारण सावकारी पाश सुटल्याशिवाय बाकी काही सुचणे शक्य नव्हते.

गावदेवीच्या सेवासदनाने १९०८ पासून प्रौढ स्त्रियांना शिकवून पायावर उभे करण्याचे काम केले, पण गिरणगावातल्या बाईच्या घड्याळाला जुळेल अशी शाळा तितक्या जोमाने उभी राहिली नाही. आज घरकाम करणाऱ्या बायकांना सकाळची कामे आटोपल्यावर, दुपारी दोन ते चार या वेळेत थोडी उसंत असते. त्या दोन तासांत दहावीचा वर्ग भरवता येणार नाही का?

संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरण्यांची ती मुंबई परत आली नाही. भोंगे बंद पडले, चिमण्यांच्या जागी टॉवर आले. रात्रशाळा मात्र उरल्या, कारण राबणारी पोरे उरली. गिरणी कामगाराच्या जागी आता हॉटेलातला पोऱ्या, दुकानातला मदतनीस, कचेरीतला शिपाई, इमारतीचा रखवालदार आहे.

कायद्यानेही त्यांना एका विचित्र फटीत ठेवले आहे. मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वर्षांपर्यंत. बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही, पण चौदा ते अठरा या वयात धोकादायक उद्योग सोडून इतरत्र काम करता येते. म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा नोकरी करू शकतो हे सरकारला मान्य आहे, पण तो नोकरी करत असताना त्याला शाळा देण्याचे बंधन कोणावर नाही. रात्रशाळा नेमकी या फटीत उभी आहे. ती बहुधा आठवी ते दहावीची असते, तिचे तास दिवसाच्या शाळेहून कमी असतात, आणि परीक्षा मात्र तीच, मंडळाची दहावीची. अनेक वर्षे तिथले शिक्षक दिवसा दुसऱ्या शाळेत शिकवून येणारे असत. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने अशा दुबार नोकरीच्या शिक्षकांना दूर करण्याचा निर्णय घेतला तेव्हा कित्येक वर्गांत शिकवायलाच कोणी उरले नाही.

मुंबईत २००८ पासून ‘मासूम’ ही संस्था रात्रशाळांबरोबर काम करते. तिने वर्गाआधी खाऊ आणि फिरती प्रयोगशाळा या दोन गोष्टी आणल्या. कामावरून थेट आलेल्या मुलाच्या पोटात काही नसते, आणि दिवसाच्या शाळेची प्रयोगशाळा रात्री कुलूपबंद असते. शिक्षणाच्या मोठमोठ्या आराखड्यांतून निसटणाऱ्या या बाबी आहेत, पण रात्रशाळा चालते किंवा बंद पडते ती त्यांच्यावरच.

शाळेत येणेच जमत नसेल त्यांना इतरही वाटा आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येते. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय सुरू झाले आणि त्याच साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या सोयींनी हजारो घरांत पहिली पदवी नेली. तरी पत्राने पुस्तके आली म्हणून शेजारी बसून अडलेले सांगणारा माणूस येत नाही. वरळीच्या अभ्यास गल्लीत रस्त्याच्या दिव्याखाली चाळीतली मुले पिढ्यानपिढ्या अभ्यासाला बसत आली ती केवळ उजेडासाठी आली नाहीत. शेजारी दुसरा कोणी वाचत बसला आहे याचा आधार असतो, आणि रात्रशाळा तो आधार देते.

म्हणून मागणी साधी आहे. रात्रशाळेला दिवसाच्या शाळेची उरलीसुरली सोय न समजता स्वतंत्र शाळा मानावे. तिला पूर्णवेळ शिक्षक, रात्री उघडे ग्रंथालय आणि प्रयोगशाळा मिळावी. जिथे बायकांना दुपारी सवड आहे तिथे तिची वेळ दुपारची असावी. चौदा वर्षांवरच्या राबणाऱ्या मुलाचा शिकण्याचा हक्क कायद्यात लिहिला जावा.

त्या रात्री साडेनऊला वर्ग सुटला. मसाल्याच्या दुकानातल्या मुलाने शेवटचे समीकरण सोडवले, उत्तर दोन्ही समीकरणांत घालून ताळा केला, आणि बाकातून अंग सोडवून उभा राहिला. उभे राहिल्यावर त्याने आधी गुडघे चोळले. ताराबाईंनी नव्वद वर्षांपूर्वी दादरला तीन वर्षांच्या मुलासाठी त्याच्या मापाची खुर्ची बनवून घेतली होती. परळच्या या मुलासाठी आपण घड्याळ बदलले, त्यालाही शंभरहून अधिक वर्षे झाली. त्याच्या मापाचा बाक करायचा राहिला आहे.